‘शिक्षक जन्मावाच लागतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय. ‘ट्रेनिंग कॉलेजं हे इंग्रजांचं खूळ. खरा शिक्षक जन्मावा लागतो. ज्याला विषय येतो, त्याला शिकवता येतं. नाहीतर व्हिडिओ आहेतच. डी.एड., बी.एड.ची दुकानं बंद करा.’ यातल्या फक्त दुकानांच्या मुद्द्यात तथ्य आहे.

आधी इंग्रजांचं बघू. शिक्षक घडवणारी शाळा ला साल या फ्रेंच धर्मगुरूंनी फ्रान्समधल्या रँस शहरात सतराव्या शतकातच काढली होती. पॅरिसचं एकोल नॉर्माल, म्हणजे शिक्षक घडवणारं विद्यालय, १७९५ चं. आपल्याकडे १८५४ च्या वूडच्या खलित्यात, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशात, शिक्षक प्रशिक्षणाची शिफारस झाली, हे खरं. पण भाऊराव पाटलांनी १९३५ मध्ये साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते काही साहेबाच्या कचेऱ्या भरायला नव्हे. खेड्यापाड्यांत शाळा उघडायच्या तर तिथे टिकून शिकवणारी माणसं लागणार होती.

जन्मजात शिक्षकाचं उदाहरण म्हणून त्या मजकुरात सावित्रीबाईंचं नाव आहे, ते वाचून फार वाईट वाटलं. सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. त्यांचे कष्ट पुसून टाकायचे आणि वर त्याला गौरव म्हणायचं?

‘विषय आला की झालं’ हा दावा तर वर्गात पाऊल टाकताच कोसळतो. ५२ मधून २७ वजा करायला सांगा. एखादं मूल ३५ लिहितं. उत्तर चुकलं हे गणित येणारा कुणीही सांगेल. पण मुलाने सातातून दोन वजा केले, कारण लहान अंकातून मोठा जात नाही असं त्याने मनाशी धरलंय, हे ओळखायला शिकावं लागतं. मग पाटीवर पुन्हा तेच उदाहरण घालण्याऐवजी त्याच्या हातात काड्या द्यायच्या, दहाचा एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावायचा. सराव पाठ, पाठ टाचण, मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणारे प्राध्यापक, हा सगळा खटाटोप यासाठीच असतो. व्हिडिओला ते ३५ दिसतच नाही.

आता दुकानं. हजेरीपटावर विद्यार्थी, वर्गात शुकशुकाट, सराव पाठ कागदावर उरकलेले, असं चालतं. महाराष्ट्रातल्या डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातूनच शिक्षक प्रशिक्षणाचा आढावा घेणारा न्यायमूर्ती वर्मा आयोग आला आणि २०१२ मध्ये त्याचा अहवाल. पुढे बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याचा सराव, आली. हे वीस आठवडे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होऊ पाहणारे विद्यार्थी, खरोखर वर्गात असतात का, ते अचानक जाऊन तपासा. नसतील तर त्या संस्थेची मान्यता काढा. जिथे ते रोज मुलांसमोर उभे राहतात, त्या कॉलेजांना मात्र हात लावू नका.