कागद वाचला, धुणे वाढले

यापुढे घरात कागदी नॅपकिन आणायचे नाहीत, कापडीच वापरायचे, असा ठराव आजकाल बऱ्याच घरांत होतो आणि तो करणारी मंडळी बहुधा जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली असतात. त्या कापडाला लागलेला हळदीचा डाग ज्या बाईला काढायचा आहे, तिला त्या वेळी सहसा कोणी विचारत नाही. पर्यावरणपूरक घराविषयी बोलताना आपण कागदाचा विषय वेगळा ठेवतो आणि धुण्याचा वेगळा. माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो, कारण घरातून हद्दपार केलेला जवळजवळ प्रत्येक कागद कापड होऊन धुण्याच्या बादलीत परत येतो. त्या बादलीत पाणी किती, पावडर किती, ती उपसणार कोण आणि ते पाणी शेवटी जाणार कुठे, याचा हिशेब एकत्र मांडल्याशिवाय कोणता पर्याय बरा हे ठरवता येत नाही.

मी चिंचवडला राहते. आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर फेसाचे पांढरे थर तरंगत असल्याची छायाचित्रे गेली काही वर्षे वर्तमानपत्रांत सातत्याने येत आहेत आणि वारीच्या प्रस्थानासाठी आलेले वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. आमच्या पवनेची स्थिती फारशी निराळी नाही. या फेसामागे कारखान्यांचे आणि गावोगावचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी आहे, त्यामुळे सगळा दोष घरातल्या बादलीवर ढकलणे अन्यायाचे होईल. परंतु पाण्याला फेस आणणारी जी द्रव्ये असतात, त्याच जातीची द्रव्ये आपल्या धुण्याच्या पावडरीत असतात, हेही तितकेच खरे आहे. पहिल्या पिढीतल्या डिटर्जंटमधली अशी द्रव्ये जिवाणूंना पचत नसत. १९५० आणि ६० च्या दशकांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले, तेव्हा उत्पादकांना ती बदलावी लागली. आज बहुतेक पावडरींत पेट्रोलियमपासूनच तयार होणारे, पण जिवाणूंना पचणारे द्रव्य वापरतात. म्हणजे पुड्यावर ‘जैवविघटनशील’ असे छापलेले असते ते खोटे नसते, फक्त अर्धे असते. हे विघटन होण्यासाठी पाण्यात प्राणवायू लागतो आणि वेळ लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात त्या दोन्ही गोष्टी मिळतात. आधीच काळ्या पडलेल्या नाल्यात प्राणवायू शिल्लकच नसतो, तिथे हे द्रव्य जसेच्या तसे पुढे वाहत जाते. पुण्यात मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जातून ११ नवी केंद्रे उभारण्याची योजना २०१६ मध्ये मंजूर झाली. तिची कामे किती रेंगाळली हे पुणेकरांना मी सांगायला नको.

जलपर्णीचीही गोष्ट जवळपास अशीच आहे. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांवर ती फोफावते. त्यांतला मोठा वाटा मैलापाण्याचा आणि शेतीतल्या खतांचा असला, तरी फॉस्फेट घातलेली पावडर त्यात आपली भर घालतेच. युरोपीय संघाने घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमधील फॉस्फरसवर २०१३ पासून कडक मर्यादा घातली. आपल्याकडच्या पुड्यांवर घटकांची पूर्ण यादी क्वचितच असते, त्यामुळे ग्राहकाने फॉस्फेट टाळायचे ठरवले तरी तो टाळणार कशाच्या आधारावर? ज्या पुड्यावर ‘फॉस्फेटविरहित’ असे स्पष्ट लिहिले असेल तो घ्यावा, एवढेच त्याच्या हातात उरते.

या सगळ्यातून मी माझ्यापुरता काढलेला निष्कर्ष अगदी साधा आहे. पावडर कोणती, यापेक्षा पावडर किती, हा प्रश्न मोठा आहे. धुऊन वाळलेला, घडी घालून कपाटात ठेवलेला एखादा टॉवेल बादलीभर कोमट पाण्यात, दुसरे काहीही न घालता, दहा मिनिटे बुडवून ठेवावा आणि मग हाताने खळबळून पाहावा. पाणी दुधट झाले आणि कडेला बुडबुड्यांची झालर धरली, तर मागच्या धुण्यातली पावडर अजून त्या टॉवेलातच आहे असे समजावे. शहरात कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला चिखल लागलेला नसतो, घाम आणि धूळ असते. कॉलर आणि बाह्यांच्या कडा तेवढ्या वडी लावून घासल्या, तर उरलेल्या कपड्याला निम्म्या मापाची पावडर पुरते. फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, ही समजूत जाहिरातींनी आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसवली आहे की फेस कमी दिसला की हात आपोआप डब्याकडे जातो. कपडे मऊ ठेवणाऱ्या सुगंधी द्रवाबद्दल तर एका वाक्यातच लिहिते: त्याचा थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि त्याच्यासाठी आपण वर पैसे मोजतो.

अर्थात निम्मे माप सगळीकडे चालेल असे मी म्हणणार नाही, कारण पाणी सगळीकडे सारखे नसते. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, आणि अनेक सोसायट्यांत एका दिवशी नळाला धरणाचे पाणी तर दुसऱ्या दिवशी बोअरचे किंवा टँकरचे, असा प्रकार असतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, साबण त्यांच्याशीच झुंजत बसतो आणि कपड्यावर राखट थर बसतो. अशा पाण्याला पावडर थोडी जास्त लागतेच. म्हणून चादरी, पडदे असे मोठे धुणे धरणाचे पाणी येईल त्या दिवशी काढावे. यासाठी बाजारातून काही नवे आणावे लागत नाही, तरी या युक्तीबद्दल कोणत्याही हिरव्या दुकानाच्या जाहिरातीत एक अक्षर सापडत नाही, आणि ते का, हे उघड आहे.

रिठ्याचा विषय निघाल्याशिवाय अशी चर्चा संपत नाही, म्हणून त्याबद्दलही लिहिते. रिठा मला आवडतो आणि रेशमी साड्यांना, लोकरीच्या शालींना त्याच्यासारखे दुसरे काही नाही. पण त्याचे पाणी करणे हा एक उद्योग असतो. बत्त्याने फोडून आतली काळी कडक बी काढायची, साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी उकळायच्या, हाताने कुस्करून गाळायच्या. आणि एवढे करूनही ते पाणी बाहेर ठेवले तर काही दिवसांत आंबते. तेलाच्या आणि हळदीच्या डागांपुढे त्याचा निभाव लागत नाही. मशीनच्या थंड पाण्यात कापडी पिशवीत घालून टाकलेल्या साली किती सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, सोडतात, हे पिशवी बाहेर काढून पिळून पाहिले की कळते: पुष्कळसा फेस अजून आतच असतो. शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. रिठ्यातले हेच सॅपोनिन माशांना घातक असते आणि मासे गुंगवून पकडण्यासाठी अशा वनस्पतींचा वापर पूर्वापार होत आला आहे. घरातले सगळे धुणे रिठ्यावर आणण्याचा आग्रह मी धरणार नाही, आणि जो धरील त्याने साली स्वतः कुस्कराव्यात, एवढीच माझी अट राहील.

या अटीमागे चेष्टा नाही. स्वस्त पावडरीत धुण्याचा सोडा भरपूर असतो. हाताने धुणे धुणाऱ्या बाईच्या बोटांची पेरे त्याने खरखरीत होतात, सालपटे निघतात, आणि दिवसाला चार घरची धुणी करणाऱ्या ताईंना हा त्रास आपल्या चौपट होतो. आपण मात्र पावडरीचा विचार करताना नदीचा करतो, कपड्याच्या रंगाचा करतो, दराचा करतो. जो हात त्या पाण्यात तासभर असतो तो आपल्या हिशेबात येत नाही. हाताने धुण्यासाठी सौम्य द्रव साबण आणून ठेवणे किंवा रबरी हातमोजे देणे हा खर्च मी पर्यावरणाच्याच खात्यावर मांडते, मग कोणी काहीही म्हणो.

आता कागदाकडे येते. वर्तमानपत्राच्या बाबतीत आपली जुनी व्यवस्था उत्तम आहे. रद्दीवाला तोलून नेतो, तो कागद लगद्याच्या गिरणीत जातो, आणि कागदाचा धागा असा पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतो. टिश्यू हा या प्रवासातला शेवटचा मुक्काम आहे, कारण वापरलेला, तेलकट, ओला टिश्यू कोणताही रद्दीवाला घेत नाही आणि गिरणीलाही तो नको असतो. म्हणून टिश्यू घ्यायचाच असेल तर तो पुनर्वापरित लगद्याचा असणे सर्वांत शहाणपणाचे. नाक पुसण्यासाठी ताज्या लाकडाचा धागा वापरणे ही उधळपट्टी आहे. खरकटे पुसलेला टिश्यू ओल्या कचऱ्यात टाकला तर त्याचे खत होते. जाता जाता एक गोष्ट सांगते, दुकानातल्या गुळगुळीत छापील पावत्या रद्दीत टाकू नयेत, कारण त्यांवर रसायनाचा लेप असतो आणि तो लगद्यात मिसळतो.

सध्या बांबूच्या टिश्यूची मोठी चलती आहे. झाड न तोडता केलेला कागद, असे त्याचे वर्णन असते. बांबू झपाट्याने वाढतो, तोडल्यावर पुन्हा फुटतो, हे खरे. पण त्याचा लगदा करायलाही रसायने, पाणी आणि ऊर्जा लागते. आणि महाराष्ट्रातल्या माणसाला तरी बांबूच्या कागदाचे नवल वाटू नये. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला कित्येक वर्षे सरकारी कराराने जात होता आणि त्याच जंगलात राहणाऱ्या गोंड गावांना त्याच्यावर हक्क सांगता येत नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात, म्हणजे गावकऱ्यांना गोळा करून विकता येईल अशा जंगलाच्या उत्पन्नात, घातले, मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता. तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे यायला २०११ चा एप्रिल उजाडावा लागला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश त्यासाठी स्वतः गावात आले होते. त्यानंतर गावाने आपला बांबू आपल्या अटींवर विकला. बांबूच्या टिश्यूच्या खोक्यावर पानाचे चित्र असते, अस्वलाचे चित्र असते. हा बांबू कोणत्या देशातल्या कोणत्या जंगलातून आला आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, हे त्यावर लिहिलेले मला अजून दिसलेले नाही.

आपल्याकडे अशा वस्तूंसाठी सरकारी खूण आहे, तिचे नाव इकोमार्क आणि चित्र मातीच्या मडक्याचे. १९९१ मध्ये ही योजना आली, साबण, डिटर्जंट आणि कागद तिच्यात होते, आणि तरीही वाण्याच्या दुकानात ते मडके किती जणांनी पाहिले असेल याबद्दल मला शंका आहे. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने आले. त्याच वर्षी, पर्यावरणपूरक असल्याचा दावा करणाऱ्या जाहिरातदाराजवळ पुरावा असला पाहिजे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढली. कागदावर हे चांगलेच आहे. अंमलबजावणी दिसेपर्यंत मी पानाफुलांच्या चित्रांवर विश्वास ठेवणार नाही.

तर मग घरात काय ठेवावे? माझी कसोटी एवढीच आहे की कागदाच्या जागी येणारे कापड, धुण्याच्या चालू फेरीत जास्तीचे पाणी, जास्तीची पावडर आणि जास्तीचे श्रम न मागता सामावले पाहिजे. या कसोटीवर ओटा पुसण्याचा कागद बाद होतो, कारण जुन्या सुती साडीची, पंचाची फडकी घरात असतातच आणि ती रोजच्या धुण्याबरोबर निघतात. तळणाचे तेल टिपायला कागद लागत नाही, झाऱ्याने काढून चाळणीवर निथळत ठेवले की पुरीही कुरकुरीत राहते. आणि त्यासाठी वर्तमानपत्र तर अजिबात वापरू नये, छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनीच त्याला मनाई केली आहे. हातरुमालाचा प्रश्नच नाही. पण घरात सर्दी-तापाची साथ असेल, धुणे करणाऱ्या ताई गावी गेल्या असतील, किंवा सत्यनारायणाला चाळीस माणसे जेवायला असतील, तेव्हा कागदी नॅपकिन काढावेत आणि त्याबद्दल कोणी कोणाला टोमणे मारू नयेत. चाळीस कापडी नॅपकिनांवरचे मठ्ठ्याचे आणि जिलबीच्या पाकाचे डाग काढायला लागणारे पाणी मोफत येत नाही, विशेषतः ते टँकरचे असते तेव्हा.

आता एक मुद्दा राहिला आणि तो घराबाहेरचा आहे. शहरातल्या बऱ्याच मोठ्या सोसायट्यांना स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र बांधावे लागते, आणि विजेचे बिल वाचवण्यासाठी ते बंद ठेवल्याच्या तक्रारीही वरचेवर ऐकू येतात. आपले ‘जैवविघटनशील’ डिटर्जंट खरोखर विघटित होण्याची जागा तीच आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकाम आणि पार्किंग यांवर तासभर वाद होतात, तिथे या केंद्राचा पंप महिन्यातून किती दिवस चालला आणि त्याची नोंदवही कुठे आहे, एवढे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागणार नाहीत. आमच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असे पत्र मी सचिवांना दिले आहे.