आधी चौकटींची वही, मग माऊस

"तीन पांढरे, दोन काळे, पाच पांढरे. खालची ओळ!"

काल सहावीची मुलं वर्गात पाठीला पाठ लावून बसली होती. एकाकडे मी दिलेलं मोराचं चित्र, दुसऱ्याकडे गणिताची चौकटींची वही. चित्र दाखवायचं नाही, 'मोर आहे' असंही सांगायचं नाही. ओळीत दहा चौकटी, आणि सांगायचे ते फक्त आकडे. वर्गभर नुसता आकड्यांचा गलका. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "अबे, एक चौकट गिळलास की बे! मोराची मान मोडली!"

चाळीस मिनिटांच्या या गोंधळात मुलांनी जे शोधून काढलं, ते मला फळ्यावर लिहून वर्षभरात शिकवता आलं नसतं. एकीनं विचारलं, "मॅडम, आपण दर ओळीला पांढऱ्यापासून सुरू करतोय. पहिलीच चौकट काळी असली तर?" मी गप्प राहिले. तिनंच थोड्या वेळानं सांगितलं, "मग शून्य पांढरे म्हणायचं." दुसऱ्याच्या लक्षात आलं की ओळीतल्या आकड्यांची बेरीज दहा आली नाही तर कुठंतरी चूक झाली आहे, म्हणजे चित्र न बघताही चूक पकडता येते. तिसऱ्यानं बुद्धिबळाच्या पटासारखं चित्र काढलं आणि तक्रार केली की यात काहीच वाचत नाही, प्रत्येक चौकट वेगळी सांगावी लागते. मग मी त्यांना सांगितलं, फॅक्सचं मशीन कागदावरचा मजकूर तारेवरून पाठवताना हेच करतं. सलग पांढरं किती, सलग काळं किती. फाइल लहान करणं म्हणजे काय, हे त्यांच्या बोटांना कळलेलं होतं. 'कॉम्प्रेशन' हे त्याचं नाव मी नंतर दिलं.

हा खेळ माझा नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कॉम्प्युटर सायन्स अनप्लग्ड' या नावानं असे कितीतरी खेळ तयार केले आहेत. संगणक न लावता संगणकशास्त्र शिकवायचं. सगळं मोफत मिळतं. मी फक्त त्यात मोर आणला.

मी सोलापूरच्या पूर्व भागात शिकवते. चौदा वर्षं झाली. माझं म्हणणं आज मोकळेपणानं मांडते: मुलांना संगणक शिकवायचा असेल तर चित्रापासून सुरुवात करा, आणि चित्राची सुरुवात पडद्यावर नको, वहीवर करा. संगणकाच्या तासाला व्याख्या पाठ करून घेणं, सीपीयूचं पूर्ण रूप विचारणं, इनपुट-आउटपुट साधनांची नावं लिहून घेणं, हे सगळं थांबलं पाहिजे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासूनच्या मुलांनी कोडिंगचे उपक्रम करावेत असं लिहिलेलं आहे. उपक्रम हा शब्द तिथं आहे. पण आम्हाला एका प्रशिक्षणात दोन दिवस स्लाइड वाचून दाखवल्या, आणि शेवटी जी परीक्षा घेतली तीही पूर्ण रूपांचीच. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, कारण समोर बसलेल्या शंभरेक शिक्षकांपैकी बहुतेकजण उद्या वर्गात तेच करणार होते.

मीही सुरुवातीला तेच केलं आहे. पहिल्या वर्षी फोटो एडिटिंग शिकवायचं म्हणून थेट सॉफ्टवेअर उघडलं आणि डावीकडच्या खिडकीतलं एकेक टूल सांगत गेले. हे क्रॉप, हे ब्रश, हे इरेझर. संगणक बारा, मुलं अठ्ठेचाळीस, एका खुर्चीवर दोघं आणि मागं दोघं उभे. तिसऱ्या टूलला मागची मुलं खिडकीबाहेर बघत होती. लाइट गेली तेव्हा सगळ्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं, मलासुद्धा.

मला वाट दाखवली ती मुलांच्या घरांनी. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं कोणी ना कोणी यंत्रमागावर आहे किंवा होतं. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण त्या चादरीवरची नक्षी कापडावर उतरते कशी, हे तिथल्या मुलांनीही नीट पाहिलेलं नसतं. मी सातवीच्या मुलांना घेऊन एका कारखान्यात गेले. मागाच्या डोक्यावर नक्षी ठरवणारी जॅकार्डची चौकट असते आणि तिच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांची एक लांब माळ फिरत असते. प्रत्येक कार्डाला भोकं. जिथं भोक आहे तिथून सुई आत जाते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मग त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एक कार्ड, एक ओळ. पुढचं कार्ड, पुढची ओळ. कारखान्यातल्या मामांनी नक्षीचा मूळ कागद काढून दाखवला. आलेखाचा कागद, बारीक चौकटी, काही भरलेल्या, काही रिकाम्या.

आमच्यातला एक मुलगा तो कागद बघून हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर आपल्या वहीतलंच."

अगदी तेच. फ्रान्सच्या लियाँमध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं हा माग १८०४ च्या सुमाराला पुढं आणला. नंतर तिथंच रेशमात जॅकार्डचं स्वतःचं चित्र विणलं गेलं, त्यासाठी सुमारे २४,००० कार्डं लागली होती. ते चित्र इंग्लंडमधला गणिती चार्ल्स बॅबेज याच्याकडं होतं, आणि बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात भोकं पाडलेल्या कार्डांची हीच युक्ती घेतली. म्हणजे आमच्या मुलांच्या आजोबांच्या मागावरची कार्डं आणि संगणक यांचं नातं ओढूनताणून आणलेलं नाही, ते रक्ताचं आहे. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. ज्या मुलांना 'आमच्या घरी काय, मागावर काम करतात' हे सांगताना मान खाली घालायची सवय, ती त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना भोकांबद्दल विचारत होती.

आता वर्गात आम्ही जुन्या लग्नपत्रिकांची कार्डं करतो. पंचिंग मशीननं भोकं पाडायची, खिडकीसमोर एकाखाली एक धरायची, उजेडाचं चित्र दिसतं. भोक म्हणजे एक, पुठ्ठा म्हणजे शून्य. द्विमान पद्धत, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकानं आकडे लिहायची रीत, पुढच्या तासाला दहा मिनिटांत होते. पाच मुलं १६, ८, ४, २, १ अशी कार्डं घेऊन उभी राहतात, कुणी बसायचं कुणी उभं राहायचं यावरून ३१ पर्यंतचा कुठलाही आकडा तयार होतो. त्यावर जास्त लिहीत नाही, करून बघा.

रंगांचं मात्र सांगितलंच पाहिजे. तीन टॉर्च, त्यांच्या तोंडावर लाल, हिरवा आणि निळा जिलेटीन कागद रबरबँडनं बांधायचा. निळ्यातून उजेड कमी येतो, म्हणून निळ्याला दोन टॉर्च घ्या, मला हे दोन वर्षांनी समजलं. खोलीत अंधार करायचा आणि भिंतीवर लाल आणि हिरवा एकावर एक टाकायचा. मुलं आधी उत्तर देतात, "चॉकलेटी होणार." चित्रकलेच्या तासाला तसंच होतं ना. आणि भिंतीवर पिवळा उमटतो. दरवर्षी हा क्षण येतो आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "परत करा." रंगाच्या पेटीतला रंग उजेड गिळतो, टॉर्चचा उजेड उजेडात मिसळतो, हा फरक त्यांना डोळ्यांनी दिसलेला असतो. त्यानंतर मी माझा मोबाइल काढते, पांढरा पडदा लावते आणि बोटाच्या टोकानं पाण्याचा अगदी बारीक थेंब त्यावर ठेवते. थेंब भिंगाचं काम करतो. पांढऱ्या पडद्यात लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागतात. पांढरं कुठंच नाही! मग प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या, तिन्हींचा गुणाकार १,६७,७७,२१६ रंग. हा गुणाकार मुलं आपणहून वहीत करतात. गणिताच्या तासाला हेच करायला सांगितलं तर काय होतं, ते सांगायला नको.

पहिला डिजिटल फोटोही आम्ही वहीत मोजतो. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो स्कॅन केला. १७६ गुणिले १७६ चौकटी. किर्श यांना नंतर म्हातारपणी वाटायचं की पिक्सेल, म्हणजे चित्राचे हे एकेक तुकडे, चौकोनी ठेवण्यात आपण चूक केली. आठवीच्या मुलांना मी विचारते, मग कुठला आकार हवा होता? उत्तरं फार छान येतात. एकीनं षटकोन सुचवला, मधमाशीच्या पोळ्यासारखा, आणि तसा कागद आखून त्यावर चेहरा काढून आणला.

एवढं सगळं झाल्यावर आम्ही गिंप उघडतो. हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, जुन्या संगणकावरही बरं चालतं, आणि अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. विद्यार्थ्यांनी, हे मी दोनदा सांगते. चोरीचं सॉफ्टवेअर शाळेत लावू नये असं माझं ठाम मत आहे. फुकट आणि हक्काचं मिळत असताना मुलांना क्रॅक शिकवायचा कशाला?

लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, ही गोष्ट पूर्वी समजावता समजावता माझा घसा बसायचा. आता झेरॉक्सच्या दुकानात बायंडिंगला लावतात त्या पारदर्शक शीट आणते. एका शीटवर सिद्धेश्वर तलाव आणि देऊळ, दुसरीवर नंदीध्वज धरलेला माणूस, तिसरीवर गड्ड्याच्या यात्रेचं आमंत्रण. शीट वरखाली केल्या की माणूस देवळामागं जातो. मधली शीट पुसली तरी बाकीचं चित्र जागेवर. नंतर पडद्यावर काही दिसेनासं झालं की मुलं घाबरत नाहीत. "शीट खाली गेली बघ," असं एकमेकांनाच सांगतात. लेयर हा शब्द आमच्या लॅबमध्ये कुणी फारसा वापरतच नाही.

कानगोष्टींचा खेळ तुम्हाला माहीत असेल. तो फोटोचाही होतो. एक फोटो पहिल्यानं उघडायचा, कडेची बारीकशी पट्टी कापायची, जेपेग (फोटो लहान करून साठवायचा प्रकार) करताना क्वालिटी २० वर आणून सेव्ह करायचा आणि पेनड्राइव्ह पुढच्याकडं. बाराव्या संगणकावर पोचेपर्यंत चेहऱ्यावर चौकोनी डाग पडलेले असतात. झूम करून मोजलं तर आठ बाय आठच्या चौकटी दिसतात, कारण जेपेग चित्राचे तेवढेच तुकडे पाडून काम करतं. मुलं घरी जाऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेले फोटो झूम करून बघतात, ही त्या तासाची खरी कमाई.

खोटा फोटो बनवायला मी मुद्दाम शिकवते. यावर काही पालकांनी आणि सहकाऱ्यांनी नाराजी दाखवली होती. 'नको ते शिकवता' असं म्हणाले. माझं मत बदललेलं नाही. दोन फोटो आणायचे, एक खरा, एक बनवलेला, आणि वर्गानं ओळखायचं. सावली कुठल्या बाजूला पडते, गर्दीतलं एकच डोकं दोनदा आलंय का, केसांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात का. ज्या मुलानं स्वतः क्लोन टूलनं, म्हणजे फोटोचा एक भाग दुसरीकडं उमटवून, गर्दी वाढवली आहे, तो गर्दीचा फोटो बघताना तेच शोधतो. ज्यानं कधी हे केलेलं नाही त्याला ते कुठं शोधायचं हेच माहीत नसतं. नियम एकच. वर्गातल्या किंवा गावातल्या कुणाचा चेहरा वापरायचा नाही, आणि शाळेबाहेर फोटो जाणार नाही. हा नियम मोडला तर त्या महिन्याची लॅब बंद.

शेवटचा उपक्रम घरच्या जुन्या फोटोंचा असतो. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलीनं आजोबांचा फोटो आणला. मागाशेजारी उभे, अंगात बंडी. फोटोला पाणी लागलं होतं, डागानं अर्धा माग आणि एक डोळा खाल्लेला. भिंत, माग, बंडी तिनं डाग बुजवणाऱ्या हील टूलनं दोन आठवड्यांत सावकाश नीट केली. डोळ्यापाशी थांबली. शेजारचा मुलगा म्हणाला, "दुसरा डोळा कॉपी कर, उलटा कर, लाव." तिनं केलं. सगळेजण पुढं येऊन बघायला लागले. फोटो स्वच्छ दिसत होता, पण माणूस दुसराच वाटत होता. वर्गात पंधरा मिनिटं वाद झाला. काहींचं म्हणणं, आजीला आनंद होईल, लावून टाक. काहींचं म्हणणं, आपण बघितलेला नाही तो डोळा आपण काढायचा नाही. मी मध्ये पडले नाही. तिनं दोन्ही फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि म्हणाली, आजीला विचारते.

आजीनं डाग असलेला ठेवला. माग मात्र नीट झाला याचा तिला फार आनंद झाला, असं मुलीनं सांगितलं. आजीनं त्या मागावर कोणती नक्षी चालायची तेही सांगितलं आणि मुलगी ती चौकटींच्या वहीत उतरवून घेऊन आली. पहिल्या ओळीला 'शून्य पांढरे' होतं.

यंदा आठवीनं सतरा फोटो आणले आहेत. स्कॅनर नाही, म्हणून सकाळच्या उजेडात खिडकीपाशी फोटो सपाट ठेवून मोबाइलवर काढतोय. मूळ फोटो त्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घरी परत, आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, कॉपीवरच काम. सोमवारपासून सुरू करतो.