तुमचे काय, घरचेच आहे

रुग्णालयात नोकरी करूनही कर्करोगाच्या तपासणीपासून आयुष्यभर दूर राहणे वाटते तितके सोपे नाही. यंत्र एक मजला खाली, डॉक्टर शेजारच्या खोलीत आणि तपासणीला आलेल्या बायकांना धीर देण्याचे काम आपल्याकडेच. इतक्या जवळ वावरून स्वतःला कोरडे ठेवायला कसब लागते. नाशिकमधल्या परिचारिकांनी कोरोनाच्या काळात हे कसब पूर्णत्वाला नेले आहे. नव्याने रुजू होणाऱ्या भगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून त्यातील काही युक्त्या येथे नोंदवून ठेवते.

सर्वप्रथम, लाट ओसरेपर्यंत थांबावे. २०२० च्या मार्च ते मे या महिन्यांत देशातील ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी झाली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी निम्म्याहून अधिक घटलेली आढळली, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक केंद्रांत तपासणीचे काम एक तर पूर्ण बंद होते किंवा नेहमीच्या पाव क्षमतेपेक्षाही कमी चालले होते. त्या वेळी कारण खरे होते, त्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये या शहरात रुग्णांचे नातेवाईक सिलिंडर मिळवण्यासाठी रात्रभर वणवण करीत असताना स्वतःच्या छातीतील गाठीचा विषय काढणारी परिचारिका आपल्यालाच स्वार्थी वाटली असती. कौतुक आहे ते त्या कारणाच्या दीर्घायुष्याचे. लाट ओसरली की खोळंबलेल्या शस्त्रक्रियांची गर्दी होते, ती संपते तोवर लसीकरण येते, आणि लसीकरणाला जरा उसंत मिळते तोच पुढची लाट दाराशी उभी असते.

दुसरी युक्ती लसीची. लस घेतल्यानंतर त्याच बाजूच्या काखेतील गाठी काही काळ सुजू शकतात, म्हणून काही तक्रार नसलेल्या स्त्रियांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, चार ते सहा आठवडे पुढे ढकलावी असे अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२१ च्या आरंभी सुचवले होते. आपण त्या सहा आठवड्यांचे सहा महिने करावेत, पुढे बूस्टरपर्यंत न्यावेत, आणि ज्यांच्या हाताला खरोखरच गाठ लागते त्यांच्यासाठी ही सवलत मुळी नव्हतीच, हे कोणाला सांगू नये.

रात्रपाळीबद्दल बोलू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच तिला संभाव्य कर्करोगकारक म्हटले आहे, पण ड्यूटी लिस्ट लावणाऱ्यांपर्यंत ते पत्र पोहोचले नसावे.

मरायचेच झाले तर रोग मात्र विचारपूर्वक निवडावा. २६ मार्च २०२० रोजी जाहीर झालेला पन्नास लाखांचा विमा कोरोनाने जाणाऱ्यांसाठी होता. कोरोनाच्या ड्यूटीपायी तपासणी राहून गेली आणि तिसऱ्या टप्प्यातला स्तनाचा कर्करोग निघाला, तर त्याला योद्ध्याचे मरण म्हणत नाहीत; त्याला सिस्टरचा निष्काळजीपणा म्हणतात.

आता सर्वांत परिणामकारक उपाय, तो म्हणजे मोफत तपासणी शिबिर. २०२२ च्या महिला दिनाला, तिसरी लाट नुकतीच उतरली असताना, आमच्या रुग्णालयाने असे शिबिर भरवले. दाराशी ‘कोरोना योद्ध्यांना मानाचा मुजरा’ असा फ्लेक्स होता आणि त्यावर व्यवस्थापनातील पुरुषांचे हसरे चेहरे होते. योद्ध्या खाली नोंदणीच्या टेबलावर बसल्या होत्या. सातपूर, सिडको, पंचवटीतून, अगदी दिंडोरीकडूनही बायका आल्या. त्यांच्या चपला कुठे काढायच्या इथपासून आत गेल्यावर काय करतात इथपर्यंत सगळे आम्ही समजावत होतो. ताई, दुखत नाही, लाजू नका, पाच मिनिटांचे काम आहे. दुपारनंतर गर्दी विरळ झाली तेव्हा आम्ही काहीजणींनी वहीत आपलीही नावे घातली. साहेबांनी वही चाळली, नावे पाहिली आणि अत्यंत मायेने म्हणाले, ‘सिस्टर, आधी बाहेरच्यांचे होऊ द्या. तुमचे काय, घरचेच आहे, कधीही करता येईल.’ नावांवर रेघ मारली गेली. संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि प्रमाणपत्र मिळाले, छायाचित्रे निघाली, आणि ते ‘कधीही’ अजून उजाडायचे आहे.

पाच मिनिटांचे काम, हे मी उगाच म्हणत नव्हते. गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिडचे पातळ द्रावण लावायचे, मिनिटभर थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तेथील वस्त्यांतील दीड लाख स्त्रियांना घेऊन अभ्यास केला, त्यात ही पाहणी जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या करीत होत्या, आणि तेवढ्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाले. सरकारची २०१६ पासूनची सूचनाही तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची दर पाच वर्षांनी स्तन, गर्भाशयमुख आणि तोंडाची तपासणी करावी अशीच आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरत नाहीत, आणि स्तनांची झालेली धड एकही नाही. खेड्यातल्या बाईला माहिती नव्हती, अंतर होते, पैसे नव्हते असे म्हणता येईल. ज्या इमारतीत द्रावण आहे, दिवा आहे, टेबल आहे आणि पाहणारी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, त्याच इमारतीत बारा बारा तास राबणाऱ्या बाईला कोणती अडचण होती?

वॉर्डात झाडलोट आणि वरकाम करणाऱ्या मावशींचे नाव तर वहीतही नव्हते. त्या कंत्राटी, त्या कोणाच्याच घरच्या नाहीत. मिश्री घासणाऱ्या या बायकांच्या तोंडात बॅटरी मारून पाहायला एक मिनिट लागते.

साहेब, आता सरळच बोलते. घरचे म्हणता, तर घरच्या बाईला असे वागवणाऱ्या माणसाला नाशिकमध्ये काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या गावात आहे, त्या गावातल्या परिचारिकेला स्वतःच्या तपासणीसाठी साप्ताहिक सुट्टी खर्चून दुसऱ्या रुग्णालयात रांगेत उभे राहावे लागते, आणि तिचा अहवाल इथेच काढला तर तो तिच्याआधी कॅन्टीनला कळतो, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. शाल आम्हाला नको होती. आणि भगिनींनो, साहेबांनी रेघ मारली तेव्हा सगळ्याजणी गालात हसून पुन्हा टेबलावर बसल्या, हेही तितकेच संतापजनक आहे. रुग्णाने तपासणी टाळली तर त्याला ओरडता ना? मग स्वतःच्या वेळी तोंड का शिवले जाते?

पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट लागायची आहे. त्यात तिशीपुढच्या प्रत्येक सिस्टरच्या आणि मावशीच्या नावापुढे तपासणीची तारीख पडली पाहिजे, ती वेळ कामाची धरली पाहिजे, आणि अहवाल बंद पाकिटात जिचा तिच्या हाती दिला पाहिजे. तसे नसेल, तर पुढच्या शिबिराच्या नोंदणीच्या टेबलावर व्यवस्थापनाने स्वतः बसावे.