कोरियन माणसं थंड असतात म्हणे!

आज दुपारी इथे सोलमध्ये एका मराठी घरी जेवण होतं. पुरणपोळी झकास. तोंडी लावायला मात्र तोच शिळा विषय, "कोरियन लोक ना, फार थंड. ओळखच दाखवत नाहीत."

बोलणाऱ्या साहेबांचा रविवार कसा जातो ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उशिरा उठायचं, इतेवॉनला, म्हणजे इथल्या परदेशी लोकांच्या वस्तीत, जाऊन तूरडाळ आणि मसाले आणायचे, तिथेच बटर चिकन हाणायचं, घरी येऊन क्रिकेट लावायचं. यात कोरियन माणूस भेटणार कुठे?

अहो, तीन नंबरच्या मेट्रोने गुपाबालला उतरा, 704 नंबरची बस पकडा आणि बुखानसानच्या डोंगरावर जा! रविवारी त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. साठी-सत्तरीचे काका-काकू, नखशिखांत ट्रेकिंगच्या कपड्यांत. मला आधी हसू यायचं. तिथलं सगळ्यात उंच बेगुन्दे शिखर जेमतेम 836 मीटर, आपला राजगडसुद्धा त्याहून उंच. पण शेवटी उघडा ग्रॅनाइटचा कातळ लागतो, लोखंडी दोर धरून चढायचा. त्याच्या खाली मी धापा टाकत बसलो होतो. शेजारच्या आजींनी पिशवीतून सोललेली काकडी काढली, कट्कन मोडली आणि मोठा तुकडा माझ्या हातात कोंबला. ना नाव विचारलं, ना देश. नको म्हटलं तर डोळे वटारले, थेट आमच्या आत्यासारखे.

हे सांगितलं तर साहेब म्हणतात, "एका काकडीने काय होतं?"

काय होतं? पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकन मुलाला तुम्ही कधी पाणी तरी विचारलंत का? त्याला खोली भाड्याने द्यायची वेळ आली की आपली माणसं काय काय चौकश्या करतात, ते आठवा जरा. आणि म्हणे हे थंड!

बरं, परदेशी म्हटल्यावर घर नाकारणारे मालक इथेही आहेत, मलाही भेटलेत. शाकाहारी माणसाचे ऑफिसच्या पार्टीत हाल होतात, तेही खरं. असो.

त्या डोंगरावर किल्ला आहे हो! 1711 साली बांधलेली तटबंदी. पश्चिमेच्या मोठ्या दरवाजातून आत शिरताना माझ्यासारख्या गडवेड्याचं काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. भिंतीवर बदामात कोरलेली नावं मला तरी दिसली नाहीत. खाली उतरलं की बुटांवरची धूळ उडवायला हवेचे पाइप टांगलेले असतात. शिखरावर दारूला 2018 पासून बंदी, त्यामुळे सगळी कसर पायथ्याशी भरून निघते. मक्कॉल्लीचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे वाडगे, कांद्याच्या पातीचं गरमागरम धिरडं, म्हणजे पाजॉन, आणि त्याच काका-काकूंचा असा काही गलका की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही.

आईला फोनवर काकडीचं सांगितलं, तर तिने एवढंच विचारलं, "मीठ लावलं होतं का रे त्यांनी?" नव्हतं. "मग पुढच्या वेळी तू घेऊन जा थोडं."

तर साहेब, पोस्ट वाचालच. ऑक्टोबर संपत आलाय, डोंगरावर पानं लाल झालीत. पुढच्या रविवारी सकाळी सातला, गुपाबाल, एक नंबरचं गेट. वहिनींनाही आणा. आणि कृपा करून चपला घालून येऊ नका.