गाणी ऐकून मेंदूच्या पेशी मरत नाहीत
कोल्हापुरातल्या अभ्यासिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सतत गाणी ऐकल्याने मेंदूच्या पेशी मरतात, सहा महिन्यांत स्मरणशक्ती जाते.’ याला काडीचाही आधार नाही. पेशी मरतात त्या कानातल्या, आणि त्याही गाण्याने नव्हे, मोठ्या आवाजाने. अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक. ९० ला फक्त ४. (गणपतीत महाद्वार रोडवर हा हिशेब कोण करतो म्हणा!)

म्हणून सगळं आलबेल आहे असंही नाही. राजारामपुरीतल्या खोलीत एमपीएससीचा उतारा वाचताना कानात शब्दांचं गाणं असेल, तर पानावरचे आणि कानातले शब्द एकमेकांत घुसतात; तीच ओळ दोनदा वाचावी लागते. नुसत्या वाद्यांचा त्रास त्या मानाने कमी. उदास असताना रडकी गाणी उगाळत बसलं, तर काहींचे तेच ते विचार वाढतात. पण गाण्यानेच नैराश्य येतं, असं त्यातून सिद्ध होत नाही. इअरफोन काढल्यावरही कानात शिट्टी वाजत राहत असेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा.