पट्टी बांधून वाचणारी मुलं: मिडब्रेनवाल्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. पट्टी बांधलेली एक मुलगी पुस्तक वाचतेय असा व्हिडिओ, आणि खाली लिहिलंय की ५ ते १५ वयात मुलांचा झोपलेला मिडब्रेन (मेंदूचा मधला छोटा भाग) म्युझिकने जागा करता येतो, मग हाताने रंग कळतात, न बघता वाचता येतं, मार्कही वाढतात. मी मुलुंडला डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये मुलं तपासते, आणि काल दोन आयांनी विचारलं, "ताई, घालू का क्लासला?" म्हणून लिहितेय.

पहिलं, "झोपलेला मिडब्रेन". मुलाच्या डोळ्यावर टॉर्च मारा, बाहुली बारीक झाली ना? त्या सिग्नलची वाट मिडब्रेनमधूनच जाते. जेमतेम २ सेंटिमीटरचा भाग आहे तो, पण नजर वळवणं, आपल्याला जागं ठेवणं अशी कामं बघतो. तो खरंच बंद पडला तर मूल बेशुद्ध होईल.

म्युझिकने मेंदूत अल्फा वेव्हज, म्हणजे एका प्रकारच्या विजेच्या लहरी, येतात म्हणे. अहो, नुसते डोळे मिटले तरी बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या भागात त्या वाढतात, हे जर्मन डॉक्टर हान्स बर्गरने १९३० च्या आसपासच छापलंय.

आता "हाताने रंग कळतो". रंग म्हणजे प्रकाश, आणि तो पकडून मेंदूकडे चित्र पाठवणारा पडदा डोळ्याच्या आत आहे, बोटात नाही. यावर लगेच ब्रेलचं उदाहरण देतात. जन्मांध माणूस ब्रेल वाचतो तेव्हा मेंदूचा बघण्याचा भागही कामाला लागतो, हे अगदी खरं, पण ब्रेलचे ठिपके उंचवट्याचे असतात हो, बोटाला लागतात, छापलेली शाई लागत नाही. आणि स्पर्शाचं ज्ञान आपोआप नजरेत उतरतं असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे मेंदू-संशोधक पवन सिन्हांनी भारतात प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला, जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांची ऑपरेशनं. त्यातल्या ८ ते १७ वयाच्या ५ मुलांना ऑपरेशननंतर लगेच ठोकळे दिले. नुसत्या हाताने ओळखलेला ठोकळा नजरेने काही त्यांना ओळखता येईना. थोडेच दिवस बघण्याचा सराव झाला आणि जमायला लागलं.

"लहानपणी मेंदू घडतो", या एका वाक्यात तथ्य आहे, आणि त्याच्याच जोरावर पैसे घेतात म्हणून मला जास्त राग येतो. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला, नंतर उघडला, डोळा ठणठणीत, पण मेंदूने त्याचं ऐकणं जवळपास सोडलेलं. १९८१ चं नोबेल मिळालं त्यांना. म्हणजे मेंदू घडतो तो प्रकाशाने आणि बघण्याने. आमच्याकडे ६ वर्षांचा एक मुलगा आला होता, एका डोळ्याने ६/६०, म्हणजे इतरांना ६० मीटरवरून दिसतं ते त्याला ६ मीटरवरून, घरात कुणाला पत्ताच नाही कारण दुसरा डोळा उत्तम. याला लेझी आय म्हणतात. चष्मा दिला आणि रोज २ तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. त्याच्या आईने पट्टीवर वाघ काढून दिला तेव्हा कुठे तो लावायला लागला. महिने गेले, पण तक्त्यावर एकेक ओळ खाली उतरत गेला. खरी पट्टी अशी असते, कमजोर डोळ्याला बघायला लावणारी. आणि वय जितकं वाढेल तितकं हे अवघड होत जातं.

राहिलं "आम्ही स्वतः पाहिलंय". मीही पाहिलंय, ठाण्यातल्या एका हॉलमध्ये, मैत्रिणीच्या ९ वर्षांच्या मुलीला. कार्ड छातीपाशी, हनुवटी वर, मान जराशी तिरकी. नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टीखाली फट राहते, तिथून खालचं स्वच्छ दिसतं. मी म्हटलं कार्ड कपाळाच्या वर धरू दे, तर सांगितलं आज ती थकलीय. घरी आम्ही स्विमिंगच्या गॉगलला आतून काळा कागद लावून तिला घातला. ती कार्डावर बोटं फिरवत राहिली, मग रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, खालून दिसतं, पण सरांनी सांगू नको म्हटलंय."

तिला कुणीही रागावलं नाही. तिची आई फी परत मागतेय, अजून मिळालेली नाही. तुमच्याकडे कुणी डेमो द्यायला आलं तर कार्ड कपाळाच्या वर धरायला सांगा. आणि घरात ३-४ वर्षांचं मूल असेल तर त्याचा एकेक डोळा झाकून तपासून घ्या, या महिन्यातच.