खुलासा : ‘गर्द (हेरॉइन) सुटला म्हणजे धोका टळला’ हे खरं नाही

गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय : ‘गर्द सुटला की जिवाचा धोका संपला. आत्महत्येचा विषय मात्र काढू नका, डोक्यात नको ते शिरतं.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

उपचार सुटल्यानंतरचे, व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनी मात्राही जीवघेणी ठरू शकते. त्यातच नैराश्य, जुनं दुखणं, दारू किंवा झोपेच्या गोळ्या, पूर्वी केलेला प्रयत्न आणि घरच्यांनी टाकलेला अबोला असेल तर आत्महत्येचा धोका वाढतो. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हा अबोला फार लांबतो, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

थेट, मायेनं विचारा : ‘बाबू, जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं धोका वाढत नाही. उलट माणूस मोकळा होतो. डॉक्टरांनी दिलेली ब्युप्रेनॉर्फिन (गर्दची ओढ कमी करणारी गोळी) म्हणजे ‘दुसरं व्यसन’ नव्हे. ती मृत्यूचा धोका कमी करते. मनानं बंद करू नका.

बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात उपचार मिळतात. टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) : १४४१६. व्यसनमुक्ती हेल्पलाइन : १४४४६. जीवावर बेतलं असेल तर लगेच ११२ ला फोन करा आणि त्याला एकटं सोडू नका.